रक्तातील पहारेकरी आणि गाठीचा शोध



ह्या खेपेचा विषय थोडा अवघड आहे. परंतु तो आपल्या ओसरीपर्यंत येऊन ठेपला असल्यामुळे टाळता येण्याजोगा नाही. इंदूरच्या अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडून पत्र आले आहे. घरातील कर्त्या पुरुषाच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा पडला आहे, तिखट लागले की तेथे जळजळते, आणि तंबाखूची सवय वीस वर्षांची जुनी आहे. डॉक्टरांनी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासावयास सांगितले. घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, अशा जागी हत्यार लावले की रोग चवताळतो. इतक्यात एका शिबिरात कोणा गृहस्थाने त्यांस सांगितले की, तुकडाबिकडा काढण्याचे काही कारण नाही. माणसाच्या रक्तात नैसर्गिक प्रतिपिंडे असतात, ती गाठीचा पत्ता आपण होऊन सांगतात. ठरलेली रक्कम भरा, थोडे रक्त द्या, आठ दिवसांत उत्तर घ्या. पत्राच्या अखेरीस प्रश्न आहे : ‘‘फादर, हे खरे मानावे काय?’’

प्रतिपिंडांसंबंधीचे म्हणणे खरे आहे. ‘तुकडा काढण्याचे कारण नाही’ हे म्हणणे खोटे आहे. ही दोन वाक्ये एकाच तोंडातून निघाली की ऐकणाऱ्याची फसगत होते, कारण पहिल्याच्या खरेपणावर दुसरे खपून जाते. म्हणून प्रथम जे खरे आहे ते नीट समजून घेऊ.

देवी किंवा गोवर एकदा येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही, हे आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. एकदा आलेल्या शत्रूची ओळख रक्तात राहते आणि त्याच्यावर नेमकी झडप घालणारी प्रथिने तयार होतात. त्यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. ही झाली कमावलेली प्रतिपिंडे. परंतु काही प्रतिपिंडे अशी आहेत की, ज्या वस्तूशी आपला कधीही संबंध आला नाही तिच्याविरुद्धही ती रक्तात आधीच पहाऱ्यावर उभी असतात. ‘अ’ रक्तगटाच्या माणसाला ‘ब’ गटाचे रक्त जन्मात कधी दिलेले नसते, तरी त्याच्या रक्तात ‘ब’विरुद्ध प्रतिपिंडे असतात. बाळ जन्मते तेव्हा त्याची स्वतःची अशी प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. पुढील काही महिन्यांत आतड्यांत जंतूंची वस्ती होते, त्या जंतूंच्या अंगावर रक्तगटांसारख्याच शर्करा असतात, आणि त्यांच्या सहवासातून हे पहारेकरी तयार होतात. ह्यांतील बहुतेक प्रतिपिंडे आकाराने मोठी असून पाच एककांच्या जुडीसारखी असतात. प्रत्येक एककाला दोन हात, म्हणजे एकंदर दहा. एकेका हाताची पकड सैल असते. दहांची मिळून घट्ट होते.

ह्या नैसर्गिक प्रतिपिंडांचा सर्वांत विलक्षण दाखला आपल्या मुंबईतच सापडला, हे सांगितले पाहिजे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले की, ज्यांना कोणत्याही गटाचे रक्त जुळेना. ‘ओ’ गटाचे रक्त सर्वांना चालते असा तोवरचा समज. ह्यांच्या रक्तद्रवात तेही गोठळू लागले. शोध घेता असे दिसले की, सर्व रक्तगटांच्या मुळाशी जी पायाभूत शर्करा असते आणि जिला ‘एच’ हे अक्षर दिले आहे, तीच ह्या माणसांच्या रक्तपेशींवर नव्हती. म्हणून त्यांच्या रक्तातील पहारेकरी तिला परकी समजत होते. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या गटाला जगभर ‘बाँबे’ हेच नाव पडले. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक माणूस ह्या गटाचा असतो. अशा माणसाला चुकून ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर त्याच्या प्राणावर बेतते. नैसर्गिक प्रतिपिंडे ही किती जागरूक आणि किती कठोर असतात, हे ह्यावरून ध्यानात यावे.

आता गाठीकडे वळू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या अंगावर शर्करांच्या साखळ्यांची दाट झालर असते. निरोगी पेशीत ह्या साखळ्या पूर्ण वाढलेल्या असतात. पेशी कर्करोगाच्या वाटेला लागली की, तिच्या कारखान्यात गोंधळ उडतो आणि अनेक साखळ्या अर्धवट, खुंटलेल्या राहतात. एरवी झाकलेले बुडखे त्यामुळे उघडे पडतात. ह्या उघड्या बुडख्यांना शास्त्रज्ञांनी ‘टी’ आणि ‘टीएन’ अशी नावे दिली आहेत. आणि नवल असे की, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात आधीपासूनच असतात, कारण आतड्यांतील जंतूंवर तसेच बुडखे असतात. अमेरिकेतील गेऑर्ग स्प्रिंगर ह्या संशोधकाने आयुष्याची अनेक वर्षे ह्याच एका गोष्टीला वाहिली. शरीराचा टीविरुद्धचा प्रतिसाद मोजला तर गाठ डोळ्यांना दिसण्यापूर्वीच तिचा सुगावा लागेल, अशी त्यांची धारणा होती.

मग कोणी विचारील, पहारेकरी जागे असताना चोरी होते कशी? प्रश्न रास्त आहे. पहिले कारण असे की, कर्करोगाची पेशी परकी नसते. ती आपल्याच घरातली, बिघडलेली. तिच्यावर हत्यार उगारताना शरीर कचरते, आणि ते कचरते हेच बरे. नाहीतर ते स्वतःलाच खाऊन टाकील. दुसरे असे की, ह्या पेशी आपल्या अंगावरच्या खुणा रक्तात सोडून देतात. पहारेकरी त्या सुट्या खुणांना धरून बसतात आणि मूळ गाठ तशीच राहते. तिसरे, दहा हातांचे ते मोठे प्रतिपिंड रक्तात सुखाने हिंडते, पण दाट गाठीच्या आत शिरणे त्याला अवघड जाते. अनेक बिघडलेल्या पेशी शरीर मुकाट्याने निकालात काढीत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्याला कळतात त्या निसटलेल्या.

जर्मनीतील वुर्झबर्ग ह्या गावात ह्याविषयी एक वेगळी वाट चोखाळली गेली. तेथील विद्यापीठातील फोल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की, ज्याला कर्करोग झाला आहे त्याच्याच शरीरात त्या रोगाशी झुंजणारे पहारेकरी शोधावेत. रुग्णांच्या प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी घेऊन त्या त्यांनी प्रयोगशाळेत वाढविल्या. जठराच्या कर्करोगाच्या एका रुग्णाकडून मिळालेले असेच एक प्रतिपिंड पुढे त्या रोगाच्या इतर रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी देण्यात आले, आणि काढलेल्या गाठीत पेशी आपण होऊन मरत असल्याच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. हे औषध बाजारापर्यंत पोहोचलेले नाही. तथापि शरीर आपल्या रोगाविषयी काही जाणून असते आणि ते त्याच्याकडून विचारून घेता येते, एवढे त्यातून दिसले.

वुर्झबर्गचे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. ह्याच गावी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रंटगेन ह्यांना क्ष-किरण सापडले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची हाडे बोटातील अंगठीसकट काचेवर उमटविली. माणसाचे शरीर न फाडता आत पाहण्याची विद्या तेथून सुरू झाली. पण क्ष-किरणांना आकार दिसतो; तो आकार सज्जन की दुर्जन हे त्यांना ठरविता येत नाही. फुप्फुसातील डाग जुन्या क्षयाचा व्रण आहे की नवी गाठ आहे, ह्यावर वैद्यांचे वादही होतात. तेव्हा कल्पना निघाली की, प्रतिपिंडाला किरणोत्सारी द्रव्याचा कणभर दिवा बांधून शरीरात सोडावा. तो गाठीला जाऊन चिकटेल आणि बाहेरच्या यंत्राला उजेड दिसेल. १९७८ साली अमेरिकेत गोल्डेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांत ही गोष्ट करून दाखविली. त्याआधी १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन ह्यांनी उंदराच्या पेशींपासून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची युक्ती शोधून काढली होती. तिच्यामुळे ह्या कामाला वेग आला. पण उंदराचे प्रतिपिंड माणसाच्या अंगात सोडले की, माणसाचे शरीर त्यालाच परके मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनविते! म्हणून पुढे लोक मानवी आणि नैसर्गिक प्रतिपिंडांकडे अधिक आशेने पाहू लागले. त्यांतही अडचण राहिलीच. प्रतिपिंड दिवसचे दिवस रक्तात फिरत राहते, त्यामुळे सगळे शरीरच उजळते आणि गाठ त्यात लपते. उपाय म्हणून आता प्रतिपिंडांचे तुकडे किंवा त्यांहून लहान रेणू वापरतात. ते लवकर चिकटतात आणि उरलेले मूत्रावाटे निघून जातात.

मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी द्रव्यांनी रोग शोधण्याचे काम चालत आले आहे, आणि २००२ साली देशातील पहिले पेट यंत्र तेथेच बसले. त्या तपासणीत बहुधा प्रतिपिंड वापरीत नाहीत. किरणोत्सारी साखर वापरतात. गाठ अधाशी असते, साखर तिच्याकडे अधिक ओढली जाते आणि ती जागा चित्रात पेटलेली दिसते. त्या साखरेतील किरणोत्सार एकशे दहा मिनिटांत निम्मा होतो. म्हणून ती साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे, त्या त्या दिवशी ताजी बनवावी लागते. तपासणी महाग असण्याचे हे एक कारण आहे. शिवाय क्षयाच्या गाठीही साखर खातात, ही आपल्या देशात मोठीच पंचाईत.

एवढे वाचल्यावर पत्रलेखक म्हणतील की, मग त्या शिबिरातल्या गृहस्थाचे काय चुकले? त्याचे उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळते. तेथे पन्नास ते पंचाहत्तर वर्षांच्या, विडीकाडीमुळे धोक्यात असलेल्या १२,२०८ लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांच्या रक्तात फुप्फुसाच्या कर्करोगाविरुद्धची प्रतिपिंडे तपासली; ज्यांची तपासणी सदोष निघाली त्यांची क्ष-किरणांनी आणि सीटी यंत्राने छातीची चित्रे काढली आणि पुढे दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. उरलेल्या निम्म्यांना नेहमीचीच वैद्यकीय सेवा मिळाली. दोन वर्षांत रोग पुष्कळ पुढे गेल्यावर उघडकीस आलेले रुग्ण तपासणी केलेल्यांत ३३ आणि न केलेल्यांत ५२ होते. हा लाभ खराच आहे; मृत्यूंच्या संख्येत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक तेवढ्या मुदतीत दिसला नाही.

परंतु त्याच पाहणीतील दुसरे आकडे पाहा. रक्ताची तपासणी सदोष निघाली अशी माणसे ५९८ होती. त्यांपैकी दोन वर्षांत फुप्फुसाचा कर्करोग आढळला तो १८ जणांना. बाकीच्यांना काळजी मात्र भरपूर मिळाली. तपासणी झालेल्या सर्वांत मिळून कर्करोग निघाला ५६ जणांना. म्हणजे ३८ जणांचे रक्त ‘काही नाही’ असे सांगत होते आणि आत रोग होता. रक्ताने बोट दाखवावे आणि चित्राने पाहावे, अशी ती जोडी होती; आणि चित्रात संशय आला तरी निकाल शेवटी तुकड्यावरच लागतो. ज्याच्या तोंडात चट्टा डोळ्यांना दिसतो आहे त्याने रक्ताला विचारण्यात काय अर्थ? रक्ताने ‘नाही’ म्हटले तरी चट्टा जागच्या जागीच राहणार. माझ्या मते अशा माणसाला ती तपासणी विकणे हा निव्वळ व्यापार आहे, आणि तोही वाईट. कारण त्यात पैसे जातात ते जातात, शिवाय महिने जातात.

गंमत अशी की, ज्या शहरातून हे पत्र आले त्याच शहराच्या वेशीवर ह्या प्रश्नाचे अधिक उपयोगी काम झाले आहे. इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र १९८४ सालचे. लेझर आणि कणत्वरक ह्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील शास्त्रज्ञांनी एक सुटसुटीत, उचलून नेता येण्याजोगे यंत्र बनविले आहे; त्याला ऑन्कोडायग्नोस्कोप असे नाव दिले आहे. तोंडाच्या आत प्रकाश टाकावयाचा आणि त्वचेकडून उलट येणारा प्रकाश मोजावयाचा, एवढेच त्याचे काम. विशिष्ट प्रकाश पडला की आपली त्वचा स्वतः मंदसा वेगळ्या रंगाचा प्रकाश देते. ह्यास प्रतिदीप्ती म्हणतात. त्वचेखालील तंतू निरोगी असले तर ती एका प्रकारची असते. पेशी बिघडू लागल्या, तंतू विरघळू लागले आणि रक्तवाहिन्या वाढल्या की तिचा रंग आणि तेज बदलते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक यंत्र टिपते आणि काही मिनिटांत सांगते की, ही जागा संशयास्पद आहे. सुई नाही, वेदना नाही. तपासणी-शिबिरांत त्याचा वापर करून पाहिला गेला आहे. प्रकाशाच्याच दुसऱ्या एका पद्धतीने ह्या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांबरोबर तेथील रुग्णांच्या मुखाची तपासणी करून पाहिली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली.

हे यंत्रदेखील संशयाची जागा दाखविते. निवाडा देत नाही. पण गावोगावच्या शेकडो तोंडांतून कोणाला मोठ्या डॉक्टरांकडे धाडावे, हे ठरविण्यास असे साधन मोलाचे आहे. आणि ते हाताशी नसले तरी अडून राहू नये. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन साध्या विजेरीच्या उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ साली निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. मुंबईतही १९९८ पासून टाटा रुग्णालयाने वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी चालविली. तिच्यात कार्यकर्त्या भगिनींनी निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत त्या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा घरच्या आरशासमोर दिवा घेऊन महिन्यातून एकदा तोंड पाहावे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली आणि हिरड्यांच्या मागे पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसली, तर दाखवावयास जावे. तोंड आखडणे हे बहुधा सुपारीचे देणे असते. गुटख्यावर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. ती दुकानाच्या फळीवर कितपत दिसते हे आपण जाणताच. मिश्री लावणाऱ्या आपल्या बायाबापड्यांनीही आपण त्यांतल्या नव्हे असे समजू नये.

राहिला हत्याराचा धसका. चट्ट्याचा अथवा गाठीचा तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत कशी रुजली असावी हे समजते. माणूस उशिरा जातो, तेव्हा तुकडा काढतात, आणि थोड्याच महिन्यांत तो दगावतो. घरचे लोक मागची गोष्ट पुढच्या गोष्टीचे कारण मानतात. मुलीचे लग्न उरकेपर्यंत, सुगी होईपर्यंत, पाऊस सरेपर्यंत असे थांबलेले ते महिने कोणी मोजीत नाही. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा प्रकार वैद्यांना ठाऊक आहे, तो अगदी क्वचित घडतो, आणि तो घडू नये म्हणून कोणत्या गाठीला कोठून सुई घालावी ह्याचे नियम आहेत; काही अवयवांच्या गाठींना ते सुई लावीतच नाहीत. गालातल्या चट्ट्याची गोष्ट तर फारच सोपी : जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो, आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. असे पुष्कळसे पांढरे चट्टे कर्करोगाचे नसतातच. ते तसे नाहीत हे कळण्याचाही मार्ग तोच आहे.

तपासणीचा कागद हाती आला आणि दुर्दैवाने त्यात रोग निघाला, तर मोठ्या रुग्णालयात जाताना केवळ कागद घेऊन जाऊ नये. ज्या प्रयोगशाळेत तुकडा तपासला तेथे तो मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, आणि त्याचे काप काचपट्ट्यांवर असतात. ठोकळा आणि काचपट्ट्या दोन्ही मागून घ्याव्यात. मोठे रुग्णालय त्या स्वतः पुन्हा पाहते, आणि त्या नसल्या की एक हेलपाटा वाढतो. कर्करोगाच्या रुग्णास आणि सोबतच्या एका माणसास उपचारासाठी रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. शयनयानात रुग्णास भाडे पडत नाही. तिच्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातील दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून ठेवावा. आयुष्मान योजनेत नाव असेल तर कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड घरातल्या कोणत्या पेटीत आहे हे निघण्याच्या आदल्या रात्री शोधत बसू नये.